विद्यापीठात नेलेल्या लॅपटॉपचा विमा: पॉलिसी घेण्याआधी दावा लिहून पाहा

लॅपटॉपच्या विम्याची चौकशी बहुतेकदा ‘हप्ता किती?’ या प्रश्नाने सुरू होते आणि तिथेच संपते. सुरुवात दुसऱ्या टोकाने करा. एक कोरा कागद घ्या आणि उद्या लॅपटॉप गेला किंवा फुटला तर दाव्याच्या अर्जात जे लिहावं लागेल, ते आजच लिहून काढा. लॅपटॉप कुठे होता, कोणाच्या ताब्यात होता, दाराला कुलूप होतं का, नुकसान एका क्षणात झालं की हळूहळू होत गेलं? पैसे देण्याआधी विमा कंपनी हेच विचारते. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही उत्तरं घरच्यापेक्षा बरीच वेगळी निघतात.

सहा ओळी पुरेत. त्या साधारण अशा असतील:

- आंघोळीला गेले होते, खोलीचं दार नुसतं लोटलं होतं. परत आले तर टेबलावर लॅपटॉप नव्हता.
- लायब्ररीत टेबलावर लॅपटॉप ठेवून पुस्तक आणायला उठलो. तीन मिनिटांत तो गेला.
- रूममेटच्या हातून पाण्याची बाटली कीबोर्डवर कलंडली.
- बसमधून उतरताना पाठीवरची बॅग आपटली. स्क्रीनवर आता उभ्या रेषा दिसतात.
- सुटीत घरी गेलो, लॅपटॉप खोलीतल्या कपाटात ठेवला होता. आलो तेव्हा खोलीचं कुलूप तुटलेलं होतं.
- झाकण उघडताना बिजागरीपाशी कडकन आवाज आला आणि कोपरा उचकटला.

हा कागद शेजारी ठेवून पॉलिसीच्या शर्तींची पुस्तिका वाचा. जाहिरातीचं पान वाचून काही कळणार नाही. पुस्तिकेत आधी व्याख्या, मग अपवाद आणि शेवटी ‘काय संरक्षित आहे’ या क्रमाने जा. वाक्यावाक्याला ‘माझ्या सहापैकी कोणती ओळ इथे अडते?’ असं विचारत गेलात की तासाभरात पॉलिसीचा निकाल लागतो.

चोरी, हरवणं आणि ‘गायब होणं’

पहिल्या ओळीत बहुतेक पॉलिसी हात वर करतात. चोरीच्या कलमात सहसा ‘बळजबरीने प्रवेश’ ही अट असते. कुलूप तुटलेलं, कडी उचकटलेली, खिडकीचे गज वाकलेले, असा डोळ्यांना दिसणारा पुरावा लागतो. लोटलेल्या दारातून कोणी आत शिरलं तर पोलिसांच्या लेखी ती चोरीच असते, पण विम्याच्या शर्तीत ती बसत नाही. वसतिगृहात याला आणखी एक फाटा फुटतो. खोलीत तिघे राहत असतील आणि तिघांकडे किल्ल्या असतील, तर आत यायचा हक्क असलेल्या माणसाने केलेली चोरी अनेक पॉलिसी सरळ वगळतात. म्हणून दोन प्रश्न कंपनीला ईमेलवरच विचारा: सामायिक खोलीत चोरी झाली तर कोणता पुरावा लागेल? आणि खोलीच्या दाराऐवजी आतल्या कपाटाचं कुलूप तुटलं तर चालेल का? फोनवर मिळालेलं ‘हो, हो, चालतं’ दाव्याच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

लायब्ररीची ओळ ‘लक्ष न ठेवता सोडणं’ या अपवादात अडकते. या शब्दांची व्याख्या प्रत्येक पॉलिसीत वेगळी असते. कुठे ‘नजरेआड’, कुठे ‘हाताच्या अंतराबाहेर’, तर कुठे नुसतं ‘सार्वजनिक ठिकाणी’. शेजारच्या मैत्रिणीला ‘जरा लक्ष ठेव’ म्हणून गेलात तर ते लक्ष ठेवणं धरलं जाईल का, हे त्या व्याख्येवर ठरतं. सार्वजनिक ठिकाणी उघड्यावर सोडलेल्या वस्तूला संरक्षण देणारी पॉलिसी क्वचितच मिळते. तेव्हा या जोखमीवर विमा शोधत बसू नका. उठताना लॅपटॉप बॅगेत घालून सोबत न्या. गाडीत ठेवायची वेळ आली तर बंद डिकीत, बाहेरून दिसणार नाही असा ठेवायची अट बहुधा असतेच. मागच्या सीटवर ठेवलेली बॅग त्या अटीत बसत नाही.

चोरी आणि हरवणं हे दोन वेगळे धोके आहेत. बसमध्ये विसरलेला लॅपटॉप हरवलेला असतो, आणि पुष्कळ पॉलिसी हरवण्यावर काही देत नाहीत. ‘कुठे गेला कळत नाही’ याला शर्तींमध्ये स्पष्टीकरण नसलेलं गायब होणं म्हणतात. तेही बहुधा वगळलेलं असतं. अशा वेळी हरवलेल्या लॅपटॉपची चोरीची कहाणी रचायचा मोह होतो. तो आवरा. खोटं उघड झालं तर त्या एका दाव्यासोबत अख्खी पॉलिसी रद्द होते, आणि पुढच्या प्रत्येक प्रस्तावात ‘आधी कधी दावा नाकारला गेला आहे का?’ या रकान्यात ते लिहावं लागतं.

सुटीची पाचवी ओळ ऐकायला सर्वांत भक्कम. कुलूप तुटलेलं आहे, पुरावा समोर आहे. तरी एक कलम शोधा: खोली सलग किती दिवस रिकामी राहिली तर संरक्षण थांबतं? कुठे ही मर्यादा ३० दिवसांची असते, कुठे ६०. मोठी सुटी त्याहून लांब असू शकते. उपाय सोपा आहे, लॅपटॉप घरी न्या. एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि चार्जर मात्र मागे राहतात. ते पॉलिसीत मोडतात का, हेही विचारून ठेवा. काही ठिकाणी सुटे भाग लॅपटॉपसोबतच चोरीला गेले तरच मोजतात.

पाणी, आपटणं आणि बिजागरीचा वाद

अपघाती नुकसानाची व्याख्या तीन शब्दांवर उभी असते: अचानक, अनपेक्षित आणि बाहेरच्या कारणाने. पाणी सांडणं आणि बॅग आपटणं या दोन्ही ओळी त्यात बसतात. पाण्याच्या ओळीत फक्त एवढं पाहा की लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात असताना किंवा दुसऱ्यामुळे झालेलं नुकसान चालतं का. काही पॉलिसींत पॉलिसीधारक आणि त्याचे कुटुंबीय एवढेच ‘अधिकृत वापरणारे’ असतात. असाइनमेंट छापून आणण्यासाठी मित्राकडे दिलेला लॅपटॉप त्याच्या हातून पडला, तर ही एक ओळ दावा बुडवू शकते.

खरी हुज्जत बिजागरीवरून होते. पुष्कळ लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकच्या आवरणात बसवलेल्या छोट्या पितळी नळ्यांत जातात. बिजागरी घट्ट होत गेली की प्रत्येक उघडझापीचा ताण त्या प्लास्टिकवर येतो, तिथे बारीक तडे जातात, आणि एके दिवशी नळी उपटून बाहेर येते. तुटतं एका क्षणात, पण कारण कित्येक महिन्यांचं असतं. सर्व्हेअर (नुकसान तपासायला विमा कंपनीने नेमलेला माणूस) ते ‘झीज’ म्हणून लिहितो आणि झिजेला विमा नसतो. म्हणून झाकण जड लागायला लागलं किंवा आवरणाची शिवण उघडी दिसली की वॉरंटी चालू असतानाच सर्व्हिस सेंटरला दाखवा आणि पावती घ्या. उत्पादकाची वॉरंटी अशा दोषासाठीच असते. झाकण एका कोपऱ्याला धरून उचलायची सवयही सोडा. मध्यभागी धरून उघडलं की ताण दोन्ही बिजागऱ्यांत वाटला जातो.

फुगलेली बॅटरी, उडालेली अक्षरं, सैल चार्जिंग पोर्ट, ओरखडे, हे सगळं झिजेच्या किंवा दिसण्याच्या खात्यात जातं. व्हायरस, गेलेला डेटा, सॉफ्टवेअरची मोडतोड यांनाही विमा नाही. फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप मात्र विम्याचा विचार न करता ताबडतोब बंद करा, चार्जर काढा आणि बॅटरी बदलून घ्या. तिला टोचणं किंवा दाबून बसवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

नवी पॉलिसी घेण्याआधी जुन्या चाळा

एकाच लॅपटॉपवर दोन पॉलिसी असल्या म्हणून दुप्पट पैसे मिळत नाहीत. नुकसान तेवढंच भरून मिळतं, आणि दोन कंपन्या तो भार आपसात वाटून घेतात किंवा ‘आधी दुसरीकडे जा’ म्हणतात. म्हणून आधीच काय आहे ते पाहा.

आई-वडिलांच्या घराची पॉलिसी असेल तर घराबाहेर नेलेल्या वस्तूंचं कलम वाचा. शिक्षणासाठी बाहेर राहणाऱ्या मुलामुलींच्या वस्तू काही पॉलिसींत येतात, पण त्यासोबत वयाची मर्यादा, पूर्णवेळ विद्यार्थी असण्याची अट आणि घरातल्या एकूण सामानाच्या विमा रकमेच्या ठरावीक टक्क्यांची कमाल मर्यादा असते. शिवाय एका वस्तूची वेगळी मर्यादा असते. लॅपटॉप तिच्यापेक्षा महाग असेल तर त्याचं नाव पॉलिसीत स्वतंत्र लिहून घ्यावं लागतं. एक तोटा लक्षात ठेवा: इथे छोटा दावा केला तरी सगळ्या घराच्या पॉलिसीचा पुढचा हप्ता वाढू शकतो.

वसतिगृहाच्या शुल्कात कधी सामूहिक विमा आधीच घातलेला असतो. तो बहुधा खोलीच्या आतल्या वस्तूंपुरता असतो. दाराबाहेर पाऊल पडलं की संपला. प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या. क्रेडिट कार्डावर खरेदी केली असेल तर कार्डाचं खरेदी-संरक्षण पाहा, ते सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरतं असतं. वॉरंटी आणि वाढीव वॉरंटी हा विमा नव्हे. त्या आतल्या बिघाडासाठी असतात. पडणं, सांडणं, चोरी त्यात नाही. उत्पादकाकडून मिळणारी ‘अपघाती नुकसान’ योजना पडणं-सांडणं झाकते, दुरुस्ती अस्सल सुट्या भागांनी होते, पण तिच्यात चोरी बहुधा नसते. तुमच्या सहा ओळींपैकी तिसरी आणि चौथी जास्त संभवत असेल तर ती योजना पुरेल. पाचवी संभवत असेल तर घराची किंवा स्वतंत्र गॅजेट पॉलिसी लागेल.

लॅपटॉप विद्यापीठाने वापरायला दिलेला असेल तर तो तुमच्या मालकीचा नाही, त्यामुळे त्याचा विमाही नेहमीच्या मार्गाने काढता येत नाही. घेताना सही केलेल्या कागदावर भरपाईची जबाबदारी कोणाची, ते पाहा.

हप्ता, स्वतःचा वाटा आणि घसारा: गणित करून पाहा

आकडे सोपे ठेवण्यासाठी नव्या लॅपटॉपची किंमत १०० धरा. वर्षाचा हप्ता ७, प्रत्येक दाव्यात तुम्ही सोसायचा वाटा १०, आणि तिसऱ्या वर्षी घसारा (वस्तू जुनी झाल्याने तिच्या किमतीत धरलेली घट) ५० टक्के, असं समजू.

तिसऱ्या वर्षी लॅपटॉप चोरीला गेला. घसारा वजा करून त्याचं मूल्य ५०, त्यातून तुमचा वाटा १०, हातात ४०. तोवर हप्त्यांपोटी २१ गेले. निव्वळ लाभ १९. ठीक आहे, काही नाही त्यापेक्षा बरं.

आता चोरीऐवजी स्क्रीन फुटली आणि दुरुस्तीला २५ लागले. सुट्या भागांवर घसारा लागत नसेल तर २५ वजा १० म्हणजे १५ मिळतील. पण भागांवरही ५० टक्के घसारा असेल तर आधी १२.५ उरतात, त्यातून १० गेले की हातात २.५. अर्ज, फोटो, सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या, आणि शेवटी अडीच. म्हणून ‘अंशतः नुकसानीत सुट्या भागांवर घसारा लागतो का?’ हा प्रश्न हप्त्याच्या प्रश्नाच्या आधी यायला हवा. ‘जुन्याला नवं’ अशी अट असलेल्या पॉलिसीत घसारा नसतो. तिचा हप्ता जास्त असला तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तीच स्वस्त पडते. बदली लॅपटॉप नवा देणार की नूतनीकरण केलेला, तेही त्याच कलमात सापडेल. त्याच ब्रँडचा मिळेल असं समजू नका. ‘तत्सम क्षमतेचा’ असे शब्द असतात, आणि क्षमता प्रोसेसर, रॅम व स्टोरेज यांवर मोजतात.

हप्ता वाचवण्यासाठी किंमत कमी सांगणं ही आणखी एक महागडी चूक. १०० च्या लॅपटॉपचा विमा ६० ला काढलात, तर पुष्कळ पॉलिसींत सरासरीचं कलम लागू होतं: विमा ६० टक्के, म्हणून भरपाईही ६० टक्के. दुरुस्तीला ३० लागले तर १८ मान्य होतील, त्यातून तुमचा वाटा १० गेला की ८ उरतील. लॅपटॉप पुरता गेलेला नसतानाही ही कात्री लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

आणखी दोन मर्यादा बघून ठेवा: वर्षात किती दावे चालतात, आणि पॉलिसी सुरू झाल्यावर किती दिवस दावा करता येत नाही. काही पॉलिसींत सुरुवातीचे १४ दिवस असे कोरे असतात. सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी विमा काढला की पहिले दोन आठवडे, म्हणजे सामान हलवण्याचे आणि अनोळखी माणसांत वावरण्याचे नेमके दिवस, उघडे पडतात.

पहिल्या दिवशी करायचे कागद

बिलापासून सुरुवात करा. बिलावर मॉडेलचं नाव आणि सिरियल नंबर असायला हवा. नसेल तर दुकानदाराकडून शिक्क्यासह लिहून घ्या. बिल वडिलांच्या नावे आणि पॉलिसी मुलीच्या नावे असेल तर ‘नुकसान नेमकं कोणाचं?’ हा प्रश्न उभा राहतो. सरळ मार्ग असा की पॉलिसीधारक बिलावरचीच व्यक्ती असावी आणि वापरणारी म्हणून विद्यार्थिनीचं नाव पॉलिसीत लिहिलेलं असावं. ते जमत नसेल तर लॅपटॉप भेट दिल्याचं सहीचं पत्र बिलाला जोडून ठेवा आणि ते चालेल का, हे कंपनीकडून लेखी घ्या. जुना लॅपटॉप ओळखीच्या माणसाकडून बिलाशिवाय घेतला असेल तर बहुतेक कंपन्या विमा देणार नाहीत. गॅजेट पॉलिसी खरेदीनंतर ठरावीक मुदतीतच मिळतात, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्याच्या हाती मग काही लागत नाही.

सिरियल नंबर लॅपटॉपच्या तळाशी, खोक्यावरच्या बारकोडच्या लेबलवर आणि बायोसच्या माहितीच्या पानावर सापडतो. मॅकमध्ये ॲपल मेनूतल्या ‘अबाउट धिस मॅक’मध्ये असतो. तळाचं लेबल घासून पुसलं जातं, म्हणून आजच त्याचा फोटो काढा. त्यासोबत पाच फोटो काढा: झाकण, तळ, दोन्ही बाजूंची पोर्ट, आणि चालू स्क्रीन. बिजागरीचा जवळून काढलेला फोटो सहावा. हे सगळं ईमेलने स्वतःला आणि घरी पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. फोटो फक्त त्या लॅपटॉपवरच ठेवणारेही सापडतात, आणि लॅपटॉपसोबत पुरावाही जातो.

अर्जातला वापराचा रकाना प्रामाणिकपणे भरा. अभ्यासासोबत लॅपटॉपवर पैसे घेऊन डिझाइन, अनुवाद किंवा कोडिंगची कामं करत असाल तर ते सांगा. व्यावसायिक वापर वगळणाऱ्या पॉलिसी आहेत, आणि लपवलेली माहिती हे दावा नाकारण्याचं सर्वांत सोपं कारण असतं.

कुलूप, कूटबंधन आणि बॅकअप

सुरक्षिततेची ‘वाजवी काळजी’ ही शर्त जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत असते. केबलचं कुलूप घ्यायचं असेल तर आधी लॅपटॉपची खाच मोजा. नेहमीची केन्सिंग्टन खाच ३ × ७ मिलिमीटरची असते, पातळ लॅपटॉपना त्याहून छोटी नॅनो खाच असते आणि काहींना पाचरीच्या आकाराची. एकाचं कुलूप दुसऱ्यात बसत नाही. अलीकडच्या मॅकबुकना खाचच नसते. केबल कटरने तुटते, हे खरं. पण उचलून पळणाऱ्याला ती थांबवते, आणि तुटलेली केबल हाच बळजबरीचा पुरावा ठरू शकतो. ती टेबलाच्या पायाला नको, कारण टेबल उचललं की केबल सुटते. भिंतीला किंवा पलंगाला जखडलेल्या वस्तूला अडकवा.

विमा यंत्राचे पैसे देतो, आतल्या प्रबंधाचे देत नाही. त्यामुळे आतला डेटा चोराला वाचता येऊ नये म्हणून कूटबंधन (एन्क्रिप्शन), म्हणजे विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन आणि मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट चालू करा. बिटलॉकरची रिकव्हरी की, म्हणजे अडलेलं कूटबंधन उघडायचा आकडा, ४८ अंकी असते. ती कागदावर घरी ठेवा. लॅपटॉपच्याच डेस्कटॉपवर जपून ठेवलेली की काहीच कामाची नाही. कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा बॅकअपचा जुना नियम विद्यार्थ्याला सहज पाळता येतो: लॅपटॉप, एक्स्टर्नल डिस्क आणि क्लाउड. डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवली तर मात्र तिचा उपयोग संपला.

शोधण्याची सोयही आधीच चालू असावी लागते. विंडोजमध्ये ‘फाइंड माय डिव्हाइस’, मॅकमध्ये ‘फाइंड माय’. विंडोजचं ठिकाण लॅपटॉप इंटरनेटला जोडलेला असेल तेव्हाच कळतं. मॅक चोरीला गेल्यावर तो यादीतून स्वतःहून काढून टाकू नका, काढला की ॲक्टिव्हेशन लॉकही (मालकाच्या खात्याशिवाय मॅक वापरू न देणारं कुलूप) उठतं आणि चोराला मशीन मोकळं मिळतं.

विमानाने जाताना लॅपटॉप नेहमी केबिनमध्ये घ्या. १०० वॉट-तासांपर्यंतच्या लिथियम बॅटऱ्यांना परवानगीची गरज पडत नाही, आणि लॅपटॉपच्या बॅटऱ्या सहसा त्या आतच असतात. सुटी बॅटरी आणि पॉवर बँक तर चेक-इन सामानात चालतच नाही. चेक-इन सामानात लॅपटॉप फुटला तर आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे विमान कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) असते (२८ डिसेंबर २०२४ पासून) आणि नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. लॅपटॉप पॉलिसीत चेक-इन सामान बहुधा वगळलेलंच असतं.

घटना घडली की, या क्रमाने

पाणी सांडलं तर चार्जर उपटा, पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा, झाकण पूर्ण उघडून उलटं ठेवा, म्हणजे पाणी कीबोर्डकडून बाहेर निथळेल, मदरबोर्डकडे जाणार नाही. हेअर ड्रायर नको, कारण गरम वारा पाणी आणखी आत ढकलतो आणि प्लास्टिक वाकवतो. तांदळात पुरूनही काही होत नाही. धूळ आणि स्टार्च मात्र पोर्टमध्ये शिरतो. आणि ‘चालू होतो का बघू’ हा प्रयोग करू नका. ओल्या बोर्डातून प्रवाह गेला की शॉर्ट सर्किट होतं, आणि हे वाढलेलं नुकसान तुमच्या हातून झालं असं म्हणायला कंपनी मोकळी असते. साखर असलेलं पेय सांडलं असेल तर तसं सर्व्हिस सेंटरला सांगा. वाळलेली साखर बोर्डावर गंज धरते, त्यामुळे साफसफाई लवकर व्हावी लागते.

पडून किंवा सांडून नुकसान झालं असेल तर कंपनीला कळवण्याआधी दुरुस्ती करू नका. सर्व्हेअरने पाहण्याआधी उघडलेल्या लॅपटॉपवर ‘कारण ठरवता येत नाही’ असा शेरा पडतो. फुटलेले भाग, काढलेली स्क्रीन, सगळं दावा मिटेपर्यंत जपा; कंपनी ते मागू शकते. दुरुस्तीत स्टोरेज पुसलं जाईल अशा कागदावर सही घेतात, तेव्हा बॅकअप सही करण्याआधी घ्या.

चोरी झाली तर पहिली धाव वसतिगृहाच्या सुरक्षा कार्यालयात. सीसीटीव्हीचं चित्रीकरण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते तुम्हाला दाखवणार नाहीत कदाचित, पण ‘अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रीकरण जपून ठेवा’ असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग पोलिसांत तक्रार. तिच्यात सिरियल नंबर, मॉडेल, वेळ आणि कुलूप तुटल्याचा उल्लेख असलाच पाहिजे. तुटलेल्या कुलुपाचा फोटो ते बदलण्याआधी काढा. दाव्याची सूचना देण्याची मुदत पॉलिसीत असते, अनेकदा २४ किंवा ४८ तास, आणि ती घटना लक्षात आल्यापासून मोजतात. पोलिसांच्या प्रतीची वाट पाहत ही मुदत घालवू नका. सूचना आज द्या, कागद मागून जोडा. त्याच संध्याकाळी दुसऱ्या साधनावरून ईमेलचा पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉग आउट करा. ईमेल आधी, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्याच्यावरूनच बदलता येतात.

अर्जात घडलं तेवढंच लिहा. पोलिसांना सांगितलेली वेळ आणि अर्जातली वेळ यांत दोन तासांचा फरक असला तरी चौकशी लांबते. नक्की वेळ ठाऊक नसेल तर ‘सकाळी ९ ते दुपारी १ च्या दरम्यान’ असं लिहा.

नकार आला तर

नकाराच्या पत्रात कलमाचा क्रमांक नसेल तर आधी तो मागा. मग ते कलम आणि व्याख्या शब्दशः वाचा. नकार दोन प्रकारचे असतात. ‘झीज’, ‘लक्ष न ठेवता सोडलं’ असे नकार तथ्यांवर उभे असतात. ते सर्व्हिस सेंटरच्या लेखी अभिप्रायाने किंवा साक्षीदाराच्या पत्राने हलतात. इथे पहिल्या दिवसाचे फोटो कामी येतात: बिजागरी दोन महिन्यांपूर्वी धड होती हे दिसलं की ‘हळूहळू झिजली’ हे म्हणणं ढिलं पडतं. उशिरा कळवलं किंवा कागद कमी आहेत, असे नकार प्रक्रियेवर असतात. उशिराचं कारण पुराव्यासह दिलं तर फेरविचार होतो. उत्तर मिळालं नाही तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, आणि तिथेही अडलं तर विमा लोकपाल किंवा तत्सम स्वतंत्र यंत्रणेकडे जा. तिथे मुदत असते, ती नकाराच्या पत्राच्या तारखेपासून मोजा.

घेऊच नये अशी वेळ

चार वर्षं जुना, बदलायला आलेला लॅपटॉप असेल तर घसारा आणि स्वतःचा वाटा वजा जाऊन हातात येणारी रक्कम अनेकदा अगदी थोडी उरते. तो हप्ता दरमहा बाजूला टाकणं अधिक शहाणपणाचं. सहापैकी चार ओळी पॉलिसीत बसत नसतील तरी तेच. आणि विमा घेतला असेल तर अभ्यासक्रम संपायच्या महिन्यात एक काम विसरू नका: पॉलिसी आपोआप नव्याने सुरू होणारी आहे का, हे पाहा. पत्ता वसतिगृहाचा, वापरणारा ‘विद्यार्थी’ आणि बँकेतून हप्ता मात्र दरवर्षी जात राहतो. तोवर शर्तींमधला पत्ताही बदललेला असतो आणि विद्यार्थी असण्याची अटही. नूतनीकरणाच्या तारखेआधी लेखी कळवून ती बंद करा, किंवा नव्या पत्त्यावर आणि नव्या वापरावर बदलून घ्या. मध्येच लॅपटॉप विकलात तर उरलेल्या काळाचा हप्ता परत मिळतो का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा.